सोय कोणाच्या दारात?

पहाटेचे चार वाजलेले असतात. बंगळूर शहराचा मोठा भाग अजून झोपेत असतो. पण कृष्णराजेंद्र मार्केटात, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या के. आर. मार्केटात, दिवस केव्हाच सुरू झालेला असतो. आसपासच्या तालुक्यांतून आलेले टेंपो रिकामे होत असतात. शेवंती, झेंडू, मोगरा आणि अबोली यांचे ढीग लागतात. हमाल डोक्यावर करंड्या घेऊन वाट काढत असतात. पदपथावर बसलेल्या स्त्रिया माळा गुंफतात आणि बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंतच्या हाताने मोजून विकतात. कन्नडमध्ये या मापाला 'मोळ' म्हणतात. हा व्यवहार दुपारपर्यंत, सणावाराच्या दिवसांत रात्रीपर्यंत चालतो. या साऱ्या वेळात या स्त्रिया पाणी मात्र अगदी बेताने पितात. त्यांना तहान लागत नाही असे नाही. पण प्यायलेल्या पाण्याचे पुढे काय करायचे, या प्रश्नाला त्यांच्याजवळ उत्तर नसते.

शहराच्या मध्यभागी सार्वजनिक स्वच्छतागृहे कोठे बांधावीत, हा वरवर पाहता अभियंत्याच्या नकाशावरचा एक किरकोळ प्रश्न वाटतो. मोकळी जागा शोधावी, चार भिंती उभ्या कराव्यात, नळ जोडावा आणि फीत कापावी, एवढेच त्यात आहे अशी पुष्कळांची समजूत असते. प्रत्यक्षात मात्र या एका प्रश्नात शहर आपल्या कोणत्या माणसांना मोजते आणि कोणाला वगळते, याचे उत्तर दडलेले असते. रस्ता सर्वांचा आहे, असे आपण म्हणतो. परंतु ज्या रस्त्यावर सहा तास थांबणे एखाद्याला शरीरधर्मामुळे अशक्य होते, तो रस्ता त्याचा कसा म्हणता येईल?

बंगळूरचा इतिहास या दृष्टीने मोठा बोलका आहे. 1537 मध्ये केंपेगौडा यांनी वसवलेल्या या गावात व्यवसायांनुसार पेठा पडल्या. तांदळाची अक्कीपेठ, बांगड्यांची बळेपेठ आणि त्यांच्या सभोवतीच्या चिंचोळ्या गल्ल्या आजही व्यापाराने गजबजलेल्या आहेत. 1638 मध्ये विजापूरच्या सैन्याने हे शहर जिंकल्यानंतर ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले, म्हणून मराठी वाचकाला त्याचे नाव परके नाही. या दाट वस्तीच्या पेठांना 1898 मध्ये प्लेगने गाठले. त्यानंतर मल्लेश्वरम आणि बसवनगुडी ही मोकळी, आखीव उपनगरे उभी राहिली. तेथे घरांच्या मागील बाजूस अरुंद गल्ल्या मुद्दाम सोडलेल्या होत्या. शौचकूपांतील मैला वाहून नेणाऱ्यांनी त्या गल्लीतून यावे आणि त्याच गल्लीतून जावे, पुढच्या दाराशी त्यांचा संबंध येऊ नये, अशी ती रचना होती. आरोग्याच्या दृष्टीने ती त्या काळी पुढारलेली मानली गेली. परंतु त्या गल्लीची जागा नकाशावर ठरली, तेव्हाच काही माणसांची समाजातील जागाही ठरवली गेली. स्वच्छतेची सोय कोठे असावी, हा निर्णय किती दूरवर पोहोचतो, हे त्यावरून दिसते.

पुढे भूमिगत मलवाहिन्या आल्या. घराघरांत शौचालये झाली. पण ज्यांचा दिवस घराबाहेर जातो त्यांचा प्रश्न तसाच राहिला. बंगळूरच्या मध्यभागी अशा माणसांना तोटा नाही. पूर्वीच्या धर्मांबुधी तलावाच्या जागेवर केंपेगौडा बसस्थानक उभे आहे. जवळच्या एका चित्रपटगृहाच्या नावावरून लोक त्या भागाला 'मॅजेस्टिक' म्हणतात. समोर रेल्वेस्थानक, पलीकडे चिकपेठ, अव्हेन्यू रोड आणि के. आर. मार्केट. दुसऱ्या टोकाला शिवाजीनगर, कमर्शिअल स्ट्रीट आणि महात्मा गांधी रस्ता. रिक्षाचालक, बसचे वाहक, फेरीवाले, हमाल, वाहतूक पोलीस, रस्ते झाडणारे पौरकार्मिक, घरोघरी वस्तू पोहोचवणारी तरुण मुले, खरेदीला आलेली कुटुंबे आणि औषधोपचारासाठी परगावाहून आलेले वृद्ध, हे सारे या भागात तासन्तास असतात. ज्याच्या अंगावर चांगले कपडे आहेत आणि खिशात पैसे आहेत, तो एखाद्या मोठ्या उपाहारगृहात किंवा मॉलमध्ये जाऊन सोय करून घेतो. दाराशी उभा असलेला सुरक्षारक्षक त्याला अडवत नाही. फुले विकणारी स्त्री त्या दारापर्यंत जाण्याचे धाडसही करत नाही. ती जेथे उभ्याउभ्या इडली खाते, त्या छोट्या 'दर्शिनी'मध्ये बहुधा हात धुण्याच्या बेसिनपलीकडे काही नसते.

मग जागा का मिळत नाही? कारण स्वच्छतागृह सर्वांना हवे असते. पण आपल्या दारात कोणालाच नको असते. दुकानदार म्हणतो, 'गिऱ्हाईक नाक मुरडून निघून जाईल.' रहिवासी म्हणतात, 'मुलीबाळींचा रस्ता आहे.' देवळाचे विश्वस्त पावित्र्याचा प्रश्न काढतात, शाळेचे चालक आरोग्याचा. प्रत्येकाचे म्हणणे एवढेच असते की सोय जरूर व्हावी, मात्र थोडी पलीकडे. अशा प्रकारे ती 'थोडी पलीकडे' सरकत सरकत शेवटी उड्डाणपुलाखाली, कचराकुंडीच्या शेजारी किंवा दिवा नसलेल्या कोपऱ्यात जाऊन पडते. तेथे विरोध करणारे कोणी नसते, आणि वापरणारेही फारसे कोणी नसते.

हा अनुभव केवळ आपल्या देशापुरता नाही. नाटककार जॉर्ज बर्नार्ड शॉ हे 1897 पासून काही वर्षे लंडनच्या सेंट पँक्रस भागाच्या स्थानिक कारभारात सभासद होते. 1900 च्या सुमारास तेथील कॅम्डेन भागातील एका वर्दळीच्या चौकात स्त्रियांसाठी स्वच्छतागृह बांधावे, असा प्रस्ताव पुढे आला आणि शॉ यांनी त्याची बाजू घेतली. रहदारीला अडथळा होईल, असा आक्षेप निघाला. त्याची परीक्षा पाहण्यासाठी नियोजित जागेवर लाकडी सांगाडा उभारण्यात आला. तेव्हा विरोधकांच्या बाजूच्या घोडागाड्या त्या सांगाड्यावर मुद्दाम येऊन आदळू लागल्या. पुरुषांसाठी अशा सोयी शहरात आधीपासून होत्या, त्यांनी रहदारी कधी अडली नव्हती. ती स्त्रियांच्या सोयीनेच अडणार होती! आक्षेप जागेविषयी असला, तरी मनातील हरकत पुष्कळदा माणसांविषयी असते, हे या प्रसंगातून स्पष्ट होते.

तरीही दुकानदाराच्या तक्रारीला केवळ स्वार्थ म्हणून झिडकारणे न्यायाचे होणार नाही. त्याने आजवर पाहिलेली स्वच्छतागृहे कशी होती? दाराची कडी तुटलेली, नळ कोरडा, फरशीवर पाणी साचलेले आणि दुर्गंधी दहा पावलांवरून जाणवणारी. असे काही आपल्या दुकानाशेजारी येणार असेल, तर तो घाबरणारच. त्याचा विरोध स्वच्छतागृहाला नसून अस्वच्छतेला आहे. म्हणून या विरोधाला खरे उत्तर जागा बदलणे हे नव्हे. देखभाल बदलणे हे आहे. रोज किती वेळा सफाई होणार, पाणी कोठून येणार, दुरुस्तीचा खर्च कोण करणार आणि तक्रार कोणाकडे करायची, हे ज्या दिवशी जागा ठरते त्याच दिवशी ठरले पाहिजे. इमारतीच्या खर्चाची तरतूद करून देखभालीची तरतूद न करणे म्हणजे शेजाऱ्यांची भीती खरी ठरवण्याची व्यवस्था करणे होय.

बंगळूरने या बाबतीत काही चांगले प्रयत्न केलेले आहेत. 1999 मध्ये मुख्यमंत्री एस. एम. कृष्णा यांच्या कारकिर्दीत 'बंगळूर अजेंडा टास्क फोर्स' हे मंडळ नेमण्यात आले. नंदन नीलेकणी त्याचे अध्यक्ष होते. या मंडळाच्या काळात सुधा मूर्ती यांच्या देणगीतून 'निर्मल बंगळूर' या नावाने शहरात नीटनेटकी स्वच्छतागृहे उभारली गेली. अल्प शुल्क घेऊन त्यांची निगा राखायची, अशी ती योजना होती. बिंदेश्वर पाठक यांच्या सुलभ संस्थेने पाटण्यात 1974 मध्ये हीच पद्धत सुरू करून ती चालू शकते हे दाखवून दिले होते. पुढे नाणे टाकले की दार उघडणारी स्वयंचलित स्वच्छतागृहेही शहराच्या रस्त्यांवर आली. यंत्र बिघडले की दार उघडत नाही, योग्य नाणे जवळ नसले की दार उघडत नाही, आणि आत आपण अडकून पडू की काय, या भीतीने कित्येक जण त्या वाटेला जातच नाहीत, हा धडा त्यातून मिळाला. यंत्र पाहारा देऊ शकते, पण हाकेला ओ देणारे माणूस तेथे असणे ही वेगळी गोष्ट आहे. स्त्रियांना आणि वृद्धांना त्या माणसाचा आधार वाटतो.

जागेची अडचण खरी आहे, हेही मान्य केले पाहिजे. पेठांतील गल्ल्यांमध्ये हातगाडी वळवण्यापुरतीही जागा नसते. पण मनात आणले तर त्यातून मार्ग निघतो. पुण्यात 2016 पासून जुन्या बसगाड्यांचे रूपांतर करून स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे सुरू झाली. त्यांवरून प्रेरणा घेऊन कर्नाटकच्या राज्य परिवहन महामंडळाने ऑगस्ट 2020 मध्ये बंगळूरच्या केंपेगौडा बसस्थानकात एक जुनी बस स्त्रियांच्या सोयीसाठी सज्ज केली. भंगारात जाणारी गाडी अशी कामी आली. चाकांवरच्या सोयीला मोठी इमारत लागत नाही. मात्र तिलाही पाणी लागते, मैला वाहून नेणारी वाहिनी लागते आणि निगा राखणारे हात लागतात.

मलवाहिनीचा हा मुद्दा जागा ठरवताना सर्वांत आधी विचारात घ्यावा लागतो. बंगळूर हे पठारावरचे शहर आहे. पिण्यासाठी त्याला सुमारे शंभर किलोमीटर अंतरावरून कावेरीचे पाणी उपसून आणावे लागते. जेथे जवळ मलवाहिनी नाही तेथे स्वच्छतागृह बांधले, तर त्यातील घाण पावसाळी नाल्यांत जाते. या नाल्यांना तेथे 'राजकालुवे' म्हणतात. याच शहरात उगम पावणारी वृषभावती नदी अशाच सांडपाण्याने काळी झाली. एका ठिकाणची घाण उचलून दुसऱ्याच्या अंगणात टाकणे, याला स्वच्छता म्हणत नाहीत. शिवाय जेथे वाहिनी तुंबते, तेथे ती मोकळी करण्यासाठी कोणाला तरी आत उतरवले जाते. हाताने मैला साफ करण्यास 1993 च्या आणि त्यानंतर 2013 च्या कायद्याने बंदी घातलेली आहे. तेव्हा सफाई करणाऱ्याच्या प्रतिष्ठेला धक्का लागणार नाही, अशीच जागा आणि अशीच रचना निवडणे हे कायद्याने आणि माणुसकीने बंधनकारक आहे.

या प्रश्नाचा सर्वाधिक भार स्त्रियांवर पडतो. पुरुष निर्लज्जपणे भिंतीकडे तोंड करून उभे राहतात आणि समाज त्याकडे दुर्लक्ष करतो. भिंतींवर देवादिकांच्या चित्रांच्या फरशा बसवून त्यांना अडवण्याचे उपाय आपण योजतो. पण त्यांनी जावे कोठे, हे सांगणारी पाटी लावत नाही. स्त्रियांना तोही मार्ग नसतो. त्या पाणी पिणे टाळतात, लघवी तासन्तास रोखून धरतात आणि त्यातून मूत्रमार्गाचे विकार ओढवून घेतात. मुंबईत 2011 मध्ये 'राइट टू पी' ही मोहीम सुरू झाली. पुरुषांच्या मुताऱ्या विनामूल्य असताना स्त्रियांकडून पैसे का घेतले जातात, हा साधा प्रश्न तिने विचारला. 'मिळून साऱ्याजणी' या मासिकाच्या वतीने झालेल्या जनहित याचिकेवर डिसेंबर 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला. रस्त्यावर वावरणाऱ्या स्त्रियांसाठी सुरक्षित व स्वच्छ सोय करणे हे महानगरपालिकांचे कर्तव्य आहे, असे त्यात बजावण्यात आले. 2014 मध्ये सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांत सार्वजनिक ठिकाणी शंभर पुरुषांमागे एक, तर शंभर स्त्रियांमागे दोन शौचकूप असावेत, असे प्रमाण सांगितलेले आहे. हे प्रमाण कागदावर योग्यच आहे. परंतु नकाशावर ठिपका देताना 'येथे स्त्रिया कमी दिसतात' असे कारण पुढे केले जाते. स्त्रिया तेथे कमी का दिसतात, याचे कारण सोय नसणे हेच असू शकते, हे कोणाच्या लक्षात येत नाही.

तेव्हा जागा ठरवण्याची कसोटी बदलली पाहिजे. आज पहिला प्रश्न असतो, 'मोकळी जागा कोठे आहे?' पहिला प्रश्न असा हवा, 'ज्याला दुसरीकडे कोठेच जाता येत नाही, असा माणूस येथे सर्वांत जास्त वेळ कोठे थांबतो?' त्यासाठी गणती करावी लागेल, आणि ती कार्यालयाच्या वेळेत करून चालणार नाही. के. आर. मार्केटातील गर्दी पहाटे मोजावी लागेल, मॅजेस्टिकमधील मध्यरात्री, कमर्शिअल स्ट्रीटवरील संध्याकाळी. मग अंतर पाहावे लागेल. एकटीने टोपली सांभाळणारी विक्रेती शेजारणीला 'जरा लक्ष ठेव' असे सांगून फार तर पाच-सात मिनिटे जाऊ शकते. तिच्यासाठी अर्ध्या किलोमीटरवरची सोय असून नसल्यासारखीच आहे. वाट उजेडाची असावी, दार थेट गर्दीकडे उघडू नये, पण आत-बाहेर करणारी स्त्री चार माणसांच्या दृष्टिक्षेपात सुरक्षित राहावी, एवढा समतोल साधावा लागेल. अपंगांच्या चाकाच्या खुर्चीसाठी उतार हवा. आणि बाजार पहाटे उघडत असेल, तर स्वच्छतागृहाचे कुलूप सकाळी आठ वाजता उघडून उपयोग नाही.

ही माहिती कोणत्याही नकाशात सापडत नाही. ती माणसांना विचारावी लागते. विचारण्याची व्यवस्थाही आपल्याकडे आहे. फेरीवाल्यांविषयीच्या 2014 च्या केंद्रीय कायद्यानुसार प्रत्येक शहरात पथविक्रेत्यांची समिती असावी लागते. तिच्यात किमान चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांचे प्रतिनिधी आणि त्यांपैकी एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, अशी तरतूद आहे. स्वच्छतागृहाची जागा निश्चित करण्यापूर्वी या समितीपुढे आणि प्रभागातील रहिवाशांपुढे नकाशा ठेवला, तर पुष्कळ चुका कागदावरच टळतील. बंगळूरच्या महानगरपालिकेतील निर्वाचित सभागृहाची मुदत सप्टेंबर 2020 मध्ये संपली आणि त्यानंतर बराच काळ कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. 2025 मध्ये तेथे एका महानगरपालिकेच्या जागी पाच महानगरपालिका अस्तित्वात आल्या. कारभाराची रचना कशीही असो, नागरिकाचे गाऱ्हाणे ऐकणारे कोणी जवळ नसले की असे 'लहान' प्रश्न सर्वांत आधी मागे पडतात.

काहींना वाटेल की शहरापुढे पाणी, रहदारी, घरे असे मोठे प्रश्न असताना एवढ्याशा गोष्टीचा ऊहापोह कशाला? याचे उत्तर सोपे आहे. मोठे प्रश्न सोडवायला पिढ्या लागतात. हा प्रश्न थोड्या पैशांत आणि थोड्या काळात सुटू शकतो. तो सुटत नाही याचे कारण पैसा नसून संकोच आहे. या विषयावर बोलणे आपल्याला असभ्य वाटते. 1901 च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये शौचालयांची दुर्दशा पाहून गांधीजींनी स्वतः झाडू हाती घेतला. संत गाडगेबाबांनी कीर्तनाआधी गाव झाडून काढले. या दोघांनीही ज्याची लाज बाळगली नाही, त्या विषयाची नगरपालिकेच्या सभेत लाज वाटण्याचे कारण नाही.

शहर किती पुढारलेले आहे, हे त्याच्या काचेच्या इमारतींवरून ठरवण्याची सवय आपल्याला लागली आहे. बंगळूरला माहिती-तंत्रज्ञानाची राजधानी म्हणतात आणि ते खरेही आहे. पण त्याच शहराच्या मध्यभागी पहाटे चारपासून बसलेली एखादी स्त्री दुपारी उन्हाच्या वेळी पाण्याची बाटली उचलते, क्षणभर थांबते आणि नुसती घोटभर पिऊन खाली ठेवते. ज्या दिवशी ती भरपूर पाणी पिईल, त्या दिवशी तेथे सोय योग्य जागी झाली असे समजावे. तोपर्यंत नकाशावरचे ठिपके कितीही वाढले, तरी प्रश्न सुटला असे म्हणता येणार नाही.